चार बोटं पुढे

"कुणीतरी हे टोक धरलं तर बरं होईल," अण्णा लेथ मशीनकडे बघत म्हणाले.

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. लेथला हात नव्हते. मी आणलेला चहाचा कप खिडकीत ठेवला आणि लोखंडी पाइपचं टोक धरलं.

"कुणीतरी सरळ धरलं तर आणखी बरं होईल."

मी सरळ धरलं. निळा उजेड चमकला, ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास सुटला. वेल्डिंग झाल्यावर अण्णांनी डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला, सांधा हातोडीनं वाजवून बघितला आणि चहा प्यायला सुरुवात केली. आभारही लेथचेच मानले असावेत, कारण मान तिकडेच हलली.

अण्णा म्हणजे माझे सासरे, हिंदुराव चौगुले. कोल्हापुरात पंपाचे सुटे भाग बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पुढे कारखाना विकून ते घरी बसले, पण घरी म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सहा फूट उंची, भरघोस मिशा आणि मिशांच्याही पुढे गेलेलं पोट. त्यांची एकुलती एक मुलगी वैजयंता नोकरीसाठी पुण्यात आली आणि मी, निशिकांत रेडकर, वेंगुर्ल्याचा, विमा कंपनीतला कारकून, तिच्या प्रेमात पडलो. कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. वैजूनं पहिल्याच भेटीत "मी सोडतो तुम्हाला बसस्टॉपवर" म्हटलं आणि स्कूटरवर मला मागे बसवून सोडलंही. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. आम्ही नोंदणी लग्न केलं.

अडचण अशी की त्याआधीच अण्णांनी आपल्या जुन्या दोस्ताला, दिनकर मान्यांना, शब्द दिलेला होता. "पोरगी तुझ्या सत्यजितला दिली." तो शब्द वाया गेला. तेव्हापासून दीड वर्ष अण्णा माझ्याशी बोललेले नव्हते. फोनवर माझा आवाज आला की रिसीव्हर खाली ठेवत. आदळत नसत, हळूच ठेवत. एवढा मान होता.

त्या दिवाळीला सासूबाईंनी, म्हणजे शालनआईंनी, फतवा काढला. "जावयाचा पहिला दिवाळसण बुडाला, दुसरा बुडवायचा न्हाई. मी बोलावलंय. तुम्ही बोलू नका हवं तर."

अण्णांनी तेवढं शेवटचं वाक्य मनावर घेतलं.

आल्या दिवशी आईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला. "जावई, शेडात न्या तेवढा. माझे गुडघे दुखतात." पुढे तीन दिवस त्या गुडघ्यांनी जिना चढला, बाजार केला, अनारसे तळले, पण शेडापर्यंत काही जाईनात.

शेडमध्ये एक गाडी होती. म्हणजे होत होती.

अण्णांचे पाच-सहा दोस्त होते, सगळे जुने कारागीर. कुणी फाउंड्रीवाला, कुणी टर्नर. दर रविवारी मिसळ खायला जमायचे. त्यातल्या एकानं कुठल्याशा मासिकात शंभर वर्षांपूर्वीच्या रेसच्या गाड्यांचे फोटो बघितले. लांब नाक, उघडं बसायचं ठिकाण, तारांची चाकं. मग पैज लागली. प्रत्येकानं आपापल्या घरी, आपल्या हातानं, तशीच पण लहान, एका माणसाची गाडी बनवायची आणि पाडव्याला सकाळी साखर कारखान्याच्या आवारात शर्यत लावायची. हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे बैलगाड्यांचं ते मोठं आवार रिकामं असे.

अण्णांच्या गाडीला जुन्या मोपेडची चाकं होती आणि शेतावरच्या पंपाचं पेट्रोल इंजिन. नाकाचा पत्रा त्यांनी लाकडी हातोडीनं ठोकून इतका गुळगुळीत गोल केला होता की हात फिरवत राहावंसं वाटे. बॉनेटवर चामड्याचा पट्टा, बाजूला रबरी फुग्याचा पितळी भोंगा. शेपटी होडीसारखी निमुळती.

"कुणाला तरी तेरा-चौदाचा पाना ओळखता येतो का बघायचं," अण्णा म्हणत.

मी पाना द्यायचो. "कुणीतरी दिलाय बघा."

"कुणीतरी सोळा-सतराचा दिलाय."

"कुणीतरी विमा कंपनीत असतं. तिथं पाने लागत नाहीत."

अण्णांच्या मिशा किंचित हलायच्या, पण ते लगेच पाठ करायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मायलेकींचं खिदळणं ऐकू यायचं.

असं करत तीन दिवसांत आम्ही 'कुणीतरी' या एका माणसाच्या भरवशावर स्टेअरिंग बसवलं, ब्रेक जोडले. एक्सिलरेटरची तार मी ओढली, तिची स्प्रिंग अण्णांनी बसवली. मला त्या कामाचं काही कळत नव्हतं आणि मजा मात्र येत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगठ्यावर हातोडी बसली, तेव्हा अण्णांनी न बोलता माझा हात धरून नळाखाली नेला. नळाला म्हणाले, "नखाकडं बघून मारायचं नसतं, खिळ्याकडं बघायचं असतं."

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी फक्त सीट राहिली होती. अण्णा गाडीच्या सांगाड्यात फळी टाकून बसले, हात स्टेअरिंगवर ठेवले, पाय लांब केले आणि पोट आत न घेता प्रामाणिकपणे माप घेतलं. खडूनं सांगाड्यावर रेघ मारली. तेवढ्यात दारात दिनकर माने फराळाचं ताट घेऊन आले म्हणून अण्णा पुढच्या दारी गेले. मी हात धुवायला गेलो. परत आलो तर आई शेडमध्ये रिकामे कप गोळा करत होत्या.

"गुडघे?" मी विचारलं.

"आत्ताच जरा बरं वाटतंय," त्या म्हणाल्या आणि कप वाजवत निघून गेल्या.

अण्णा आले. खाली वाकून बराच वेळ सांगाड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सीटचे चारही पाय वेल्ड करून टाकले, वर रेक्झिनची गादी ठोकली आणि उरलेला हिरवा रंग मारून शेड बंद केली.

पाडव्याच्या सकाळी आंघोळी आटोपल्या. वैजूनं अण्णांना ओवाळलं, आईंनी त्यांना आणि वैजूनं मलाही. मग आम्ही सगळे गाडीभोवती जमलो. अण्णांनी नवा शर्ट घातला होता. त्यांनी एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, खाली बसले आणि तिथेच राहिले.

स्टेअरिंग त्यांच्या पोटात रुतलं होतं. डावीकडे फिरवलं तर पोटही डावीकडे जायचं.

"आं?" अण्णा म्हणाले.

"मी म्हणत होतो, चकल्या कमी खावा," आई म्हणाल्या.

"एका रात्रीत पोट वाढतंय व्हय गं?"

"काल मान्यांच्या ताटातल्या करंज्या कुणी संपवल्या?"

त्यांना बाहेर काढायला आम्हा तिघांना जोर लावावा लागला. वैजूनं एक काख धरली, मी दुसरी, आईंनी मागून ढकललं. बाहेर आल्यावर अण्णा ग्राइंडर घ्यायला धावले. "चार टाके कापतो, मागं घेतो, पुन्हा मारतो. पंधरा मिनिटं लागतील."

त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही.

"लोडशेडिंग," आई म्हणाल्या. "दुपारपर्यंत लाइट न्हाई. वेळापत्रक मी पेपरातनं कापून फ्रिजवर लावलंय की."

शर्यत नऊला होती. वैजू म्हणाली, "मी चालवतो." ती बसली. पण ती बापावर गेलेली, लांब पायांची. तिचे दोन्ही गुडघे स्टेअरिंगच्या वर आले आणि ती टोळासारखी दिसायला लागली. ती उतरली. अण्णांनी भोंग्याकडे बघितलं, छपराकडे बघितलं, मोठा श्वास सोडला.

"कुणीतरी बारकं असतं तर..." ते लेथला म्हणाले.

मी गादीवर बसलो. अंगठी बोटात बसावी तसा बसलो.

टेम्पोत घालून गाडी कारखान्यावर नेली. आवारात पाच गाड्या उभ्या होत्या. मान्यांची लालभडक होती आणि तिच्याजवळ सत्यजित उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. पैलवानी खांदे, हसरा चेहरा. आपण ज्याच्या ताटातलं उचललं त्याला काय म्हणायचं, ते मला कळेना. त्यानंच पुढे येऊन हात मिळवला. "नमस्कार दाजी. हेल्मेट उलटं घातलंय तुम्ही."

म्हणजे त्यानं वैजूला केव्हाच बहीण करून टाकलं होतं. त्याच्या वडिलांचं तसं नव्हतं. माझ्याकडे बोट दाखवून दिनकर माने मोठ्यानं म्हणाले, "हे चालवणार? आपला नियम काय ठरलाय? चालवणारा घरचाच माणूस पाहिजे. नाहीतर उद्या कुणीही भाड्यानं ड्रायव्हर आणेल."

"घरचाच आहे," अण्णा म्हणाले.

"कोण लागतो तुझा?"

अण्णा थांबले. सगळे कान टवकारून उभे होते. मिसळीच्या टेबलावर दीड वर्ष हाच विषय चघळला गेला असणार.

"जावई."

"बोलतोस त्याच्याशी?"

"लागेल तेवढं."

"बरं. नाव काय त्याचं?"

अण्णांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांच्या लक्षात आलं, त्याच क्षणी माझ्याही लक्षात आलं. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. घरात त्यांच्यासमोर कुणी ते घेतच नसे. वैजू 'हे' म्हणायची, आई 'जावई' म्हणायच्या. ते माझ्याकडे वळले. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि जरा खालच्या आवाजात विचारलं,

"नाव काय तुमचं?"

आवारात असा हशा उसळला की वजनकाट्यावरची कबुतरं उडाली. कुणी मांडीवर थाप मारली, कुणी डोळे पुसले. दिनकर माने म्हणाले, "घ्या! जावयाचं नाव ठाऊक न्हाई आणि म्हणे घरचा!"

"पत्रिका छापली असती तर कळलं असतं," अण्णा पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. एवढा मोठा माणूस मला एकाएकी फार एकटा वाटला.

"मी सांगतो," मी म्हणालो. "घरात मला कुणीतरी म्हणतात."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मिशांच्या आत काहीतरी फुटलं आणि ते हसले. आधी नाकातून, मग पोटातून. सकाळी ज्या पोटानं घात केला होता, तेच आता गदगदत होतं.

पंच म्हणून गुंडू मिस्त्री होते. साच्यांचं काम करणारे, सगळ्यांत वयस्कर, फारसे न बोलणारे. त्यांनी तंबाखू गालात सारली आणि निकाल दिला.

"दिनकर, माझ्या बायकोनं चाळीस वर्षांत एकदाबी माझं नाव घेतलं न्हाई. म्हणून काय मी शेजारच्यांचा झालो? ज्याचं नाव घेत न्हाईत, तो घरचाच. गाड्या रेषेवर लावा."

शर्यत साधी होती. वजनकाट्यापासून निघायचं, टोकाच्या चिंचेला वळसा घालून परत यायचं. अशा तीन फेऱ्या. शेवटी मात्र रेषेवर थांबायचं. गाडी रेषेपुढे गेली तर बाद. "पळवायला कुणालाबी येतं," गुंडू मिस्त्री म्हणाले, "थांबवतो तो कारागीर."

अण्णा माझ्या गाडीपाशी वाकले. "चावी इथं. उजवा पाय ब्रेक..." मग थांबून म्हणाले, "न्हाई, उजवा एक्सिलरेटर, डावा ब्रेक. तुम्हाला गाडी येते ना?"

"वैजू चालवते. मी मागे बसतो."

"अरे देवा," अण्णा म्हणाले आणि झेंडा पडला.

जमिनीपासून हातभर उंचीवर बसलं की बैलगाडीचा वेगही विमानासारखा वाटतो. धूळ तोंडात, भोंगा आपोआप वाजतोय, इंजिन पाठीशी धडधडतंय. पहिल्या वळणाला मी चिंचेऐवजी कुंपणाकडे निघालो होतो, पण कसाबसा परतलो. दुसऱ्या फेरीत माझ्या लक्षात आलं की पुढे फक्त लाल गाडी आहे. सत्यजितचं वजन माझ्या दुप्पट असेल. इंजिनाला माझा भार कळतच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तब्येतीचा कुणाला उपयोग होत होता. तिसऱ्या वळणाला मी त्याला मागे टाकलं. त्यानं शिट्टी मारली.

समोर रेषा. रेषेवर अण्णा, दोन्ही हात पसरून उभे, माडाच्या झाडासारखे.

"थांब! थांब, थांब रे!"

मी थांबलो नाही. गाडी त्यांच्या बाजूनं, रेषेवरून, सरळ पुढे निघून गेली.

"अरे थांब खुळ्या! ब्रेक! तुझा डावा पाय! डावा कुठला तुला कळतंय का?"

मी चौथी फेरी घेतली. अण्णा आवार आडवं कापत पळत येत होते, नवा शर्ट बाहेर आलेला. मागून वैजू ओरडून त्यांना माझं नाव सांगत होती. ते त्यांनी झेललं आणि माझ्याकडे भिरकावलं.

"निशिकांत! ए निश्या! चावी फिरव! गाढवा, चावी!"

चिंचेपासून परत येताना मी रेषा पुन्हा ओलांडली आणि हंगामातल्या बैलांसाठी आधीच आणून टाकलेल्या उसाच्या वाड्याच्या, म्हणजे शेंड्यांच्या पाल्याच्या, ढिगात शिरलो. इंजिन बंद पडलं. अण्णा धापा टाकत आले. कॉलर धरून मला बाहेर काढलं, हात-पाय चाचपले, हेल्मेट काढून डोकं बघितलं.

"एक्सिलरेटर अडकला," मी म्हणालो.

त्यांनी वाकून पेडल हातानं एकदा दाबलं, सोडलं. मग सरळ झाले आणि माझ्या खांद्यावरचा पाला झटकू लागले.

सत्यजितची गाडी बरोबर रेषेवर थांबली होती, म्हणून जिंकणाऱ्याचा मानाचा फेटा मान्यांना मिळाला. नियमाप्रमाणे बाद झालेल्या गाडीच्या मालकानं तो बांधायचा होता. अण्णांनी तो दोस्ताच्या डोक्यावर नीट, घट्ट बांधला. दिनकर मान्यांनी टेम्पोच्या आरशात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हिंदू, तुझा जावई येडा आहे. पण पळवतो बरा." शब्द मोडल्याची जी अढी दीड वर्ष त्यांच्या मनात होती, ती तिथेच मिटली.

आम्ही टेम्पोतून घरी निघालो. अण्णा मला वाटेभर झापत होते. "जिंकलेली शर्यत घालवलीस. डावा-उजवा कळत न्हाई आणि निघाला रेस मारायला! वेंगुर्ल्यात काय होड्या थांबवायला ब्रेक नसतो म्हणून सवय न्हाई व्हय तुला?" घर आलं, टेम्पो थांबला, तरी त्यांचं संपलं नव्हतं. जेवताना माझ्या वाटीत पांढरा रस्सा ओतत असतानाही ते "गाढव" असंच म्हणत होते.

दुपारी ते झोपल्यावर आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि विड्याचं पान हातावर ठेवलं. त्या फार खुशीत होत्या.

"जावई, एक सांगतो, कुणाला बोलायचं न्हाई. काल त्यांनी खडूनं रेघ मारली नव्हती का सीटची? ती मी पदरानं पुसली आणि चार बोटं पुढं मारली."

"आई!"

"मग काय करू? हे असेच भिंतींशी बोलत राहिले असते. तीन दिवस चहा पाठवून बघितला, तेवढ्यानं भागेना. म्हटलं, याच गाडीत घालून तुम्हाला सगळ्यांच्या म्होरं उभं करावं. मग बघू कसे बोलत न्हाईत ते."

हे मी कुणाला सांगितलं नाही. वैजूलाही नाही. पुढं दर दिवाळीला अण्णा एक नवी गाडी काढत, मी पाने देत असे. आता मला सगळे पाने ओळखता येतात. सत्यजितच्या लग्नात मी आणि अण्णांनी मिळून फेटे बांधले.

मागच्या वर्षी आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना आत नेल्यावर अण्णा आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. अण्णा आता ऐंशीला टेकलेत, पोट उतरलंय, मिशा पांढऱ्या झाल्यात. बराच वेळ ते आतल्या दाराकडे बघत होते.

"तिला नीट दिसायला लागलं म्हणजे पंचाईत," ते एकदम म्हणाले. "पुन्हा खडू घेऊन फिरायची."

मी चमकलो. "कसला खडू?"

"ती म्हणाली असेलच तुला. सीटची रेघ."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जन्मभर केसाएवढ्या मापाची कामं केली मी. चार बोटं सरकलेली रेघ मला दिसणार न्हाई व्हय? शिवाय तिची रेघ नेहमी डावीकडं उतरते. पोळ्या बघितल्यास ना तिच्या?"

"मग वेल्डिंग का केलंत?"

अण्णांनी गुडघ्यावर हात चोळला. "दीड वर्ष झालं होतं. न बोलायला सुरुवात केली की थांबायचं कसं, ते कुणी सांगत न्हाई. तिनं वाट आखून दिली, मी टाके मारले."

"आणि सकाळचं ते नाटक?"

"नाटक कसलं! पोट खरंच अडकलं होतं. एवढं अडकेल असं वाटलं नव्हतं." ते जरा हसले. "तिला हे सांगू नकोस. मला फसवलं म्हणून दर पाडव्याला खूश असते."

मला वाटलं, आता आपणही मोकळं व्हावं. "अण्णा, मलाही एक सांगायचंय. त्या दिवशी तो एक्सिलरेटर..."

"अडकला नव्हता," अण्णा म्हणाले. "मी बसवलेली स्प्रिंग अडकत नसते."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मग घरापर्यंत एवढ्या शिव्या कशाला घातल्यात?"

आतलं दार उघडलं. आईंच्या डोळ्यावर पट्टी होती आणि नर्स त्यांना हाताला धरून आणत होती. अण्णा माझ्या खांद्याचा आधार घेत उठले.

"तुला ऐकायच्या होत्या नव्हं?"